प्रवचन आणि प्रचार

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलसारख्या डोंगराळ गावात आज रेंज मिळाली की रोमची मिस्सा, केरळातले प्रवचन आणि अमेरिकी वाहिनीवरची खडाजंगी एकाच मोबाइलवर येते. इथवरच्या कॅथलिक प्रसारणाचा मागोवा घेतला, तर एक प्रश्न पिच्छा सोडत नाही: शिकवण चोख असली, म्हणजे बोलणारा निःपक्ष असतो का?

व्हॅटिकन रेडिओ १९३१ साली सुरू झाला. उभारणी खुद्द मार्कोनीची. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कॉग्लिन रेडिओवरून मुलांना धर्मशिक्षण देऊ लागले. मंदी आली आणि मुलांच्या जागी बँका आणि अध्यक्ष रूझवेल्ट हे विषय आले. आधी रूझवेल्ट यांची भलामण, मग त्यांच्यावर आगपाखड आणि शेवटी ज्यूंविरुद्ध उघड विखार. श्रोते कोट्यवधी होते. कॉग्लिन यांचे बिशप मायकल गॅलाघर यांनी त्यांना पाठीशीच घातले. नव्या आर्चबिशपांनी तोंड बंद करायला लावले ते १९४२ मध्ये. त्यांची श्रद्धा खोटी ठरली नव्हती. विष होते ते राजकारणात.

पोलंडमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या रेडिओ मारियावर जपमाळ आणि मिस्सा नेमाने होत. सोबत उजव्या पक्षांची पाठराखणही होई. २००६ मध्ये व्हॅटिकनच्या राजदूतांनाच तिथल्या बिशपांना समज द्यावी लागली. मदर अँजेलिका यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत ईडब्ल्यूटीएन वाहिनी काढली. एक मोठी कॅथलिक वाहिनी आपल्याविषयी सतत वाईट बोलते, असे पोप फ्रान्सिस २०२१ मध्ये नाव न घेता म्हणाले, तेव्हा रोख तिच्यावरच असल्याचे मानले गेले. पण १९८६ मध्ये मनिलाच्या रेडिओ व्हेरितासवरून कार्डिनल सिन यांनी फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांच्या हुकूमशाहीविरुद्ध लोकांना रस्त्यावर बोलावले, तेही राजकारणच होते. मात्र ते कोण्या एका पक्षाच्या मतपेटीपुरते नव्हते.

आपल्याकडे रेडिओवर अशा धार्मिक प्रचाराची वेळ सहसा आली नाही, कारण खासगी एफएमच्या २००५ च्या धोरणाने धार्मिक संस्थांशी संबंधित कंपन्यांना परवान्याची दारे बंद ठेवली. मराठी कॅथलिकांचा आवाज छापील राहिला: १९०३ पासून ‘निरोप्या’, पुढे वसईचे ‘सुवार्ता’. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक होते. ते वसईची हिरवाई वाचवायला बिल्डरांविरुद्ध उभे राहिले आणि त्यांनीच नव्या कराराचे सुबोध मराठी भाषांतरही केले. धर्माशी निष्ठा राखूनही सत्तेला प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी दाखवले.

आता यूट्यूबला परवाना लागत नाही आणि बिशपांची परवानगीही कोणी विचारत नाही. म्हणून बेजबाबदार शब्दाचा धोका वाढला आहे, विशेषतः आपल्या या पट्ट्यात. नाशिकला लागून असलेल्या गुजरातमधल्या डांगमध्ये १९९८ च्या नाताळात चर्चवर हल्ले झाले. खुद्द हरसूलमध्ये जुलै २०१५ च्या दंगलीत दुकाने जळाली. तो वाद चर्चचा नव्हता, पण अशा पट्ट्यात एका समाजाला दुसऱ्यावर सोडणारे वाक्य किती महाग पडते, हे गावाने पाहिले आहे.

म्हणून ऐकणाऱ्याने शिकवण तर तपासावीच, पण आणखी एक गोष्ट पाहावी: वक्ता कोणाची बाजू घेतो, पीडिताची की पक्षाची? पक्षाची असेल, तर पुढे कितीही जपमाळ ओढली तरी ते प्रवचन नव्हे, प्रचार आहे.