वेशभूषेपलीकडची वसई

लोकल भाईंदरची खाडी ओलांडून नायगावात शिरते. तिथून विरारपर्यंतच्या मुलखाची मुलांना ओळख करून द्यायची झाली की आपण बहुधा माणसांची यादी करतो. लाल लुगड्यातली कुपारी बाई, टोपलीवाली कोळीण, तारपा वाजवणारा वारली अशी चित्रे काढतो आणि सगळे इथे गुण्यागोविंदाने राहतात असे सांगून थांबतो. यात खोटे काही नाही. पण ही सारी माणसे इथेच का आली आणि एकमेकांची कोण लागतात, हे त्यातून मुलाला कळत नाही. त्याच्या मनात शेजाऱ्याचा पोशाख उरतो, शेजारी मात्र परकाच राहतो. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्याकडे जिल्हावार निघते, कारण पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात केली की मूल पटकन शिकते. हाच न्याय लावायचा तर वसईची गोष्ट पाण्यापासून सांगायला हवी.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात समुद्र जवळ असूनही विहिरींना गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी रेताड जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत साठून राहते. वाडीवाल्यांनी ते जपण्यासाठी वाडीत तळी खोदली. त्यांना इथे बावखल म्हणतात. पावसाळ्यात बावखल भरे, आसपासच्या विहिरींना पाझर फुटे, आणि बैलाच्या रहाटाने उपसलेले पाणी पाटातून केळी, पानवेली, भाजी आणि फुलांपर्यंत पोहोचे. आगाशीची सुकेळी याच पाण्याची. या वाड्या कसणारे सामवेदी ब्राह्मण होते, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी होते, आणि हिंदू व ख्रिस्ती असे दोन्ही वाडवळ होते. गोडे पाणी संपून खारे सुरू झाले की माणसे बदलतात. खाडीकाठी मिठागरे आणि भातशेती करणारे आगरी, तर पाचूबंदर आणि अर्नाळ्याला कोळी. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरातून ओहोळ उतरतात, तिथे वारली आणि मल्हार कोळ्यांचे पाडे. कोळ्यांची बारीक सुकी मासळी वाड्यांत खत म्हणून पडे, वाडीतली भाजी कोळीवाड्यात जाई आणि मिठागरातल्या मिठाशिवाय मासळी टिकत नसे. नकाशावर गोडे पाणी एका रंगाने, खारे दुसऱ्याने आणि डोंगराचे तिसऱ्याने दाखवले, तर या वस्त्या कुठे असतील हे दहा वर्षांचे मूलसुद्धा स्वतः शोधून काढेल. पाठ केलेल्या यादीपेक्षा असे शोधलेले ज्ञान मला फार मोलाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचा. लढाया आणि धर्मांतरे लहान मुलांना कशाला सांगायची? पण वसईचा किल्ला तिथे उभाच आहे, आणि त्यातली पडकी चर्चे पाहून मूल विचारणारच. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. काहींवर सक्ती झाली, काहींना सवलती मिळाल्या, काहींनी श्रद्धेने धर्म स्वीकारला. हे सांगायचे टाळले, तर शेजारचा ख्रिस्ती मुलगा कुठून तरी बाहेरून आला असा समज होतो आणि तो मोठेपणीही जात नाही. खरी गोष्ट उलटी आहे. पोर्तुगीज गेले, ही माणसे राहिली, कारण ती इथलीच होती. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची कादोडी बोली आजही एकच आहे. प्रार्थनेची जागा बदलली, पण वाडी, विहीर आणि घरातली भाषा बदलली नाही. १९४२ मध्ये नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. वसई ज्यांना ठाऊक होती, त्यांना नवल वाटायचे कारण नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही सगळी जुन्या वसईची कहाणी झाली. नालासोपाऱ्याच्या इमारतीत राहणाऱ्या मुलाचे तिच्यात काय? २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यांतल्या फार मोठ्या वर्गाचा बावखलाशी काही संबंध नाही. त्यांना इथे आणले रेल्वेने. विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासूनच जात होती, पण माणसांचा लोंढा आला तो बराच नंतर. मुंबईत घर परवडेना आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतली कोकणातली आणि घाटावरची कुटुंबे इकडे सरकली. मग गुजराती, उत्तर भारतीय, दक्षिणी अशी सर्वच आली. या मुलांना गोष्टीत पाहुणे म्हणून बसवणे अन्यायाचे होईल, आणि त्याची गरजही नाही. पहाटेच्या लोकलने वसईची फुले आणि भाजी दादरला जाते, त्याच लोकलने त्यांचे आईवडील कामाला जातात. शिवाय सोपारा हे मुळातच बाहेरच्यांना सामावणारे प्राचीन बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना इथेच सापडला.

नव्या मुलांना या गोष्टीत खरी जागा देते तेही पाणीच. इमारती वाढल्या तसे पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. गोड्या पाण्याचा थर असा उपसत गेला की खालचे खारे पाणी वर चढते आणि वाडी मरते. कित्येक बावखले भरावाखाली गेली. याच काळजीतून दिब्रिटोंसारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, आणि तिच्यात सर्व धर्मांची माणसे होती. इथे कोणी म्हणेल, की मुलांपुढे भांडण कशाला मांडायचे? पण टँकरची वाट मूल रोज पाहते. त्या टँकरमागे कोणाची विहीर आहे हे त्याला कळले, तर गावातला माणूस त्याच्या लेखी केवळ वेशभूषा स्पर्धेतले पात्र राहत नाही. आणि गावातल्या मुलालाही कळले पाहिजे, की चौथ्या मजल्यावर पाणी लागतेच, ते मागणारे कुटुंब हौसेने आलेले नाही. पुढच्या वर्गात ही गोष्ट आणखी लांब नेता येईल. शहराच्या नळाला येणारे बरेचसे पाणी सूर्या प्रकल्पाचे आहे. तो प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी उभारला होता, आणि आपल्या वाट्याचे पाणी शहरांकडे वळवले म्हणून तिथले आदिवासी शेतकरी वर्षानुवर्षे दाद मागत आले आहेत. तारपा वाजवणाऱ्या वारल्याचे चित्र काढणाऱ्या मुलाला हेही सांगायला हवे, की त्याच्या नळाचे पाणी त्या वारल्याच्या शेताजवळून येते.