नक्कल आधी, पुसणे मागाहून

लावणी आटोपली की आपल्या कर्जत-खालापूर भागात आठ-पंधरा दिवस थोडी उसंत मिळते. पाऊस चालूच असतो, बाहेरची कामे होत नाहीत, मग घरातल्या अडगळीकडे लक्ष जाते. माळा झाडला जातो, कणगी तपासली जाते. हल्ली या अडगळीत आणखी एकीची भर पडली आहे. ती कॉम्प्युटरच्या पोटातली अडगळ. लग्नाचे फोटो, बारशाची चित्रफीत, मुलांच्या शाळेचे कागद, फोनमधून उतरवलेले काय काय. डबा गच्च भरतो, यंत्र कण्हू लागते, आणि घरातला कोणीतरी तरुण म्हणतो, "आज हे सगळं साफ करून टाकतो."

मागच्या श्रावणात कडावच्या बाजूला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. ओटीवर थोरले काका सुपारी कातरत बसले होते आणि आत पुतण्या कॉम्प्युटरपुढे. मुलगा चांगला शिकलेला, पण चेहरा त्रासलेला.

"काका, ही पट्टी हलतच नाही. मघाशी दहा मिनिटं म्हणत होता, आता म्हणतोय तीन तास!"

"अरे, मग बंद कर आणि पुन्हा लाव," काका आतूनच बोलले. "पंप नाही का आपण तसाच चालू करत?"

दोघांचे बोलणे संपते न संपते तोच लाइट गेली. आपल्याकडे श्रावणात लाइट जाणे ही काही बातमी नव्हे. पण अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा पेन ड्राइव्ह उघडेना. उघडायला गेले की तो विचारी, फॉरमॅट करू का? आणि कॉम्प्युटरात पाहावे तर 'आजोबांचे कागद' नावाच्या कप्प्यातले निम्मे फोटो नाहीसे झालेले.

हे कागद कसले, तेही सांगितले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरले, तसे ते या घरातही शिरले होते. ट्रंक भिजली. आजोबांची जुनी वही, भावाभावांत झालेल्या वाटणीचा लेख, विहिरीच्या खर्चाचा हिशेब, देण्याघेण्याच्या पावत्या, सगळे चटईवर पसरून चुलीच्या धगीने वाळवले. शाई फुटली, तरी वाचता येत होते. पुढे घरात चांगला फोन आल्यावर सूनबाईंनी एकेका पानाचा फोटो काढून ठेवला. ते फार बरे झाले, कारण नंतर मूळ कागदांना वाळवी लागली. म्हणजे आता जे काही होते ते त्या फोटोंतच होते.

वाचकहो, चूक कुठे झाली? मुलाने फाइलींची नक्कल केली नव्हती. त्याने त्या 'कट' करून पेन ड्राइव्हवर 'पेस्ट' केल्या होत्या. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फाइली अशा हलवल्या की कॉम्प्युटर एकेक फाइल तिकडे उतरवतो आणि इकडची पुसून टाकतो. काम मध्येच तुटले तर काही माल इकडे, काही तिकडे. आणि तिकडचा डबाच बिघडला तर तिकडे गेलेला माल बुडाला. असा पुसलेला माल 'रीसायकल बिन' नावाच्या कचरापेटीतही सापडत नाही.

तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत नक्कल मागायला गेलात तर तिच्याखाली दोन सह्या असतात, हे तुम्ही पाहिले असेल. एक नक्कल करणाराची, दुसरी रुजवात घेणाराची. रुजवात म्हणजे मुळाशी ताडून पाहणे. आपल्या जुन्या कारकुनांना जे कळत होते तेच घरच्या कॉम्प्युटरलाही लागू आहे. आधी 'कॉपी', मग रुजवात, आणि पुसणे सगळ्यांत शेवटी, जमल्यास दुसऱ्या दिवशी. रुजवात फार अवघड नाही. दोन्हीकडच्या कप्प्यांवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहावे. फाइलींची संख्या आणि वजन सारखे भरले पाहिजे. मग पेन ड्राइव्ह रीतीने काढून, पुन्हा लावून, मधल्या मधल्या पाचदहा फाइली उघडून पाहाव्यात.

आता प्रश्न असा की ही पट्टी हलत का नाही? कारण तिच्या संथपणामुळेच माणूस चिडतो आणि नको ते करून बसतो.

भाताची चाळीस पोती गाडीत घालून गिरणीवर नेली तर एक फेरी होते. तेच भात ओंजळी-ओंजळीने नेले आणि दर ओंजळीची वहीत नोंद केली तर? भात तेवढेच, पण दिवस मावळेल. कॉम्प्युटरचेही असेच आहे. लग्नाची मोठी चित्रफीत ही एक फाइल, तिची नोंद एकदाच. पण दहा हजार लहान फोटो म्हटले की दहा हजार वेळा नाव लिहा, जागा शोधा, तारीख टाका, वर व्हायरसचा पहारेकरी प्रत्येकाची झडती घेणार. जुन्या कॉम्प्युटरातली हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावर एक दांडी इकडून तिकडे धावते. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही. पण एका फाइलीमागे चार उड्या धरल्या तर दहा हजार फाइलींना चाळीस हजार उड्या, म्हणजे चारशे सेकंद, जवळजवळ सात मिनिटे, नुसत्या धावपळीत जातात. डिस्क गच्च भरलेली असली तर एकेका फाइलीचे तुकडे चार ठिकाणी पडतात आणि उड्या आणखी वाढतात. (अशी पहिली डिस्क १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने काढली. दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे. आजच्या फोनचे दोन फोटोही तिच्यात कसेबसे बसले असते.)

नव्या 'एसएसडी' डिस्कमध्ये फिरणारे काही नसते, त्यामुळे या उड्यांचा त्रास बहुतेक संपतो. जुना कॉम्प्युटर टाकून देण्याआधी त्याची डिस्क तेवढी बदलून पाहावी, असे माझे मत आहे. खर्चाच्या मानाने फरक मोठा पडतो.

पेन ड्राइव्हची गोष्ट वेगळी. यात विकत घेताना फसगत फार. स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला आठ-दहा मेगाबाइटच लिहितो. आठ जीबी माल असेल तर आठच्या वेगाने हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटे लागणारच. तिथे चिडून उपयोग नाही. सुरुवातीला तो जोरात लिहितो आणि मग दमतो, त्यामुळे आधी दहा मिनिटे आणि नंतर तीन तास असे आकडे दिसतात. कॉम्प्युटर आत्ताच्या चालीवरून पुढचा अंदाज बांधतो, एवढेच. कर्जतपर्यंतच्या सपाटीवरचा वेग धरून कोणी लोणावळ्याला पोचण्याची वेळ सांगितली तर चुकणारच. पुढे बोरघाटाचा चढ आहे, मागे बँकर इंजिन जोडावे लागते, तोवर उतारूंचा वडाही खाऊन होतो.

पेन ड्राइव्ह कुठे खुपसला तेही पाहावे. कॉम्प्युटरच्या काही खाचांत आत निळी जीभ असते. ती बहुधा यूएसबी तीनची, वेगवान खाच. काळी किंवा पांढरी असली तर बहुधा यूएसबी दोन. मात्र पेन ड्राइव्हच मुळात संथ असेल तर निळ्या खाचेनेही तो हरणासारखा पळणार नाही.

लहान फाइली फार असतील तर त्यांची मोट बांधावी. कप्प्यावर उजवे बटण दाबून 'झिप' केले की हजारो फाइलींची एक फाइल होते आणि पेन ड्राइव्हवर ती सपाट्याने उतरते. मोट बांधायला वेळ लागतो, पण तो कॉम्प्युटरच्या आतल्या आत. एक सावधगिरी घ्यावी. मोट बिघडली तर आतले सगळेच अडकते, म्हणून उतरवल्यावर ती उघडून पाहावी. आणि एकच फाइल चार जीबीपेक्षा मोठी असेल तर काही पेन ड्राइव्ह ती घेतच नाहीत, जागा रिकामी असूनही. तो फॅट-३२ या जुन्या मांडणीचा दोष आहे. एक्सफॅट मांडणी केली की अडचण जाते, पण मांडणी बदलताना आतले सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

पहारेकरी, म्हणजे अँटिव्हायरस, बंद करा असा सल्ला पुष्कळ मुले देतात. मला तो पटत नाही. झेरॉक्सच्या दुकानात दहा ठिकाणी लावलेला पेन ड्राइव्ह घरी आणायचा आणि पहारा उठवायचा, हे काही खरे नव्हे. दोन-दोन पहारेकरी बसवलेले असतील तर एक जरूर काढावा.

पुसण्यालाही वेळ लागतो तो याच नोंदींमुळे. मोठी फाइल क्षणात पुसली जाते, कारण कॉम्प्युटर आतला माल हलवत नाही, वहीतली नोंद फक्त खोडतो. हजारो लहान फाइली असल्या की हजारो नोंदी खोडायच्या, शिवाय आधी त्या मोजत बसायचे. साधे पुसले तर माल कचरापेटीत जातो आणि पेटी रिकामी करेपर्यंत जागा सुटत नाही. पेन ड्राइव्हवरचे मात्र पेटीत न जाता थेट जाते. जुन्या डिस्कवर नोंद खोडलेला माल काही काळ तसाच पडून असतो, म्हणून चुकून पुसले गेले तर त्या डिस्कवर नवे काही न लिहिता यंत्र बंद करावे आणि जाणकाराकडे न्यावे. एसएसडीवर ही आशा फार थोडी.

एका संथपणाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. पट्टी मध्येच पार थांबते, ठरावीक फाइलीशीच अडते, आतून टकटक आवाज येतो, अशी लक्षणे दिसली तर डिस्क आजारी आहे असे समजावे. मग तिची साफसफाई, डीफ्रॅग वगैरे काही करू नये. दुखऱ्या बैलाला नांगराला जुंपण्यासारखे ते होईल. आधी मोलाचा माल बाहेर काढावा.

मोलाचा म्हणजे कोणता, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचे असते. सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीने घरबसल्या मिळतो. तो हरवला तर पुन्हा काढता येईल. सिनेमे आणि गाणी तर कुठेही मिळतील. पण आजोबांच्या हातची वही, आजीचा आवाज, नोंदणी न झालेला घरगुती वाटणीचा लेख कोणत्या कचेरीत मिळणार? ते बहुधा वजनाला हलके असते. पहिल्या पाच मिनिटांत तेवढे उतरवून, रुजवात घेऊन बाजूला ठेवावे. मग बाकीच्याला रात्र लागली तरी चालेल. पावसाळ्यात हे काम लॅपटॉपवर करावे, त्याची बॅटरी भरून. साध्या कॉम्प्युटरला लहानसा यूपीएस जोडला तर लाइट गेल्यावर काम थांबवून यंत्र नीट बंद करण्यापुरती मिनिटे हाती राहतात.

कडावच्या त्या घरात एक शहाणपण झाले होते. पेन ड्राइव्हने फॉरमॅट करू का विचारल्यावर सूनबाईंनी पुतण्याचा हात धरला. "भाऊजी, नाही म्हणा. काही दाबू नका." दुसऱ्या दिवशी कर्जतला एका जाणकाराकडे यंत्र आणि पेन ड्राइव्ह दोन्ही नेले. चार दिवसांनी बहुतेक फोटो परत मिळाले. वहीची अकरा पाने मात्र मिळाली नाहीत. त्यांत विहिरीच्या खर्चाचा हिशेब होता. काकांनी तो आठवून आठवून पुन्हा लिहायला घेतला आहे, जमेल तेवढा.

आता त्यांच्याकडे कागदांच्या दोन नकला आहेत. एक घरी, दुसरी खोपोलीला दिलेल्या लेकीच्या कपाटात, प्लास्टिकच्या डबीत. दर दिवाळीला ती माहेरी येते तेव्हा डबी बरोबर आणते आणि सगळे उघडून पाहतात.

आणि ती पट्टी ज्याच्यापायी अडली होती, तो ढीग कसला होता ठाऊक आहे? फोनमधून उतरवलेली सुप्रभात आणि शुभ रात्रीची चित्रे, चौदा हजारांवर. नकला झाल्या, रुजवात झाली, आणि एका संध्याकाळी ती पुसायला लावून सगळे जेवायला बसले. पानावरून उठले तेव्हा पट्टी अजून निम्म्यावर होती. पुतण्याने पडदा बंद केला आणि झोपायला गेला.