गृहपरिचर्या प्रशिक्षण

वृद्ध, दीर्घकाळ आजारी, अपंग किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या व्यक्तींना त्यांच्या राहत्या घरी दैनंदिन साहाय्य देणाऱ्या वेतनी सेवकांना या कामासाठी तयार करणे आणि आरंभीच्या काळात त्यांना मार्गदर्शन व आधार पुरविणे, यास गृहपरिचर्या प्रशिक्षण म्हणतात. गृहपरिचर हा नोंदणीकृत परिचारिकेहून वेगळा असतो. स्नान, कपडे बदलणे, भोजन, मलमूत्रविसर्जन व हालचाल यांत मदत करणे, तसेच प्रकृतीतील बदल वेळीच कळविणे, हे त्याचे काम होय. अंतःक्षेपण (इंजेक्शन) देणे किंवा औषधाची मात्रा बदलणे त्याच्या कक्षेत येत नाही. रुग्णालयातील नवशिक्याला अडचण येताच अनुभवी परिचारिकेला विचारता येते; परक्या घरात मात्र तो एकटा असतो. त्यामुळे या व्यवसायात प्रशिक्षण व पर्यवेक्षण यांची फारकत करता येत नाही.

इतिहास : संघटित गृहपरिचर्येचा उगम इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी आपल्या आजारी पत्नीसाठी मेरी रॉबिन्सन ही परिचारिका नेमली होती. पत्नीच्या निधनानंतर, १८५९ मध्ये, त्यांनी तिला शहरातील गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याची विनंती केली. प्रशिक्षित व अनुभवी असूनही तेथील दैन्य पाहून ती महिन्याभरातच खचली व काम सोडण्यास निघाली. रॅथबोन यांनी तिला धीर दिला आणि तिने काम पुढे चालू ठेवले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपूल येथे परिचारिकांसाठी प्रशिक्षणशाळा निघाली. नवख्या सेवकाला कौशल्याइतकीच सोबतीची गरज असते, हे या पहिल्याच प्रयोगात दिसून आले. अमेरिकेत लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्क येथे घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे कार्य सुरू केले. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने (१९०९) स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट खुली करून दिली.

अभ्यासक्रम : प्रारंभिक अभ्यासक्रमात हातांची स्वच्छता, नाडी, तापमान व श्वसन यांची मोजणी, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे स्नान, चादर बदलणे, आहार, प्रथमोपचार आणि नोंदी ठेवणे यांचा समावेश होतो. साध्या वाटणाऱ्या प्रत्येक कृतीमागे शास्त्रीय कारण असते. एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिल्यास हाडांच्या उंचवट्यांवरील त्वचेचा रक्तपुरवठा खुंटतो व शय्याव्रण होतात. म्हणून स्वतः हलू न शकणाऱ्या व्यक्तीची कूस सामान्यतः दर दोन तासांनी बदलतात. गिळण्यास त्रास होणाऱ्या व्यक्तीस आडवे ठेवून भरविल्यास अन्नकण श्वासमार्गात जाऊन फुप्फुसदाह होण्याचा धोका असतो. म्हणून तिला ताठ बसवून लहान घास देतात व जेवणानंतरही काही वेळ तसेच बसवून ठेवतात. मूत्रनलिकेची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवली नाही, तर मूत्र उलट वाहून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रुग्णाला उचलताना कमरेत वाकल्यास परिचराच्याच पाठीला इजा होते. म्हणून गुडघे वाकवून, रुग्णाला अंगाशी धरून हालचाल करण्यास शिकवितात.

किमान प्रशिक्षणाचे प्रमाण देशपरत्वे भिन्न आहे. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ योजनेखालील संस्थांच्या गृहआरोग्य साहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असून त्यांपैकी १६ तास पर्यवेक्षणाखालील प्रात्यक्षिकासाठी असतात. त्यानंतर दरवर्षी १२ तासांचे सेवांतर्गत शिक्षणही घ्यावे लागते. जपानमध्ये प्रारंभिक अभ्यासक्रम १३० तासांचा आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नवागतांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ हा अभ्यासक्रम असून त्यात प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण करून पात्रता ठरवितात.

आरंभीच्या काळातील आधार : नवख्याने प्रथम अनुभवी परिचराबरोबर काही घरी जाऊन काम पाहावे, नंतर त्याच्या देखरेखीखाली ते करावे आणि मगच एकट्याने जबाबदारी घ्यावी, असा क्रम इष्ट मानला जातो. प्रत्येक रुग्णासाठी लेखी परिचर्या-योजना, अडचणीच्या वेळी दूरध्वनीवर उपलब्ध असणारी परिचारिका आणि पर्यवेक्षकाची ठराविक मुदतीने भेट ही किमान व्यवस्था होय. यांपैकी काहीच नसेल, तर परिचर चूक लपवू लागतो किंवा नातेवाइकांच्या आग्रहास्तव कक्षेबाहेरची कामे करतो. दोन्ही बाबी रुग्णाला घातक ठरतात. मानसिक आधाराचीही गरज असते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे संशय व शिव्या हा आजाराचा भाग आहे, हे नवख्याला समजावून द्यावे लागते. रुग्णाचा मृत्यू झाल्यास परिचराला दुःख आणि बेकारी यांना एकाच दिवशी तोंड द्यावे लागते.

भारतातील स्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाचे सु. १० कोटींहून अधिक लोक होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ९.९ टक्के होते. विभक्त कुटुंबपद्धतीमुळे घरच्या शुश्रूषेचे काम पगारी व्यक्तींकडे जात आहे. महाराष्ट्रातील शहरांत ‘मावशी’ किंवा ‘आया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया बहुधा खाजगी ‘ब्यूरो’मार्फत बारा वा चोवीस तासांच्या पाळीवर नेमल्या जातात. त्यांतील पुष्कळजणी हे काम प्रत्यक्ष रुग्णाच्या उशाशीच शिकतात. राष्ट्रीय कौशल्य योजनांमध्ये गृहआरोग्य साहाय्यकाचा अभ्यासक्रम आहे. कोविड महासाथीच्या काळात, जून २०२१ मध्ये, सुरू झालेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांतही गृहपरिचर्येचा अंतर्भाव होता. तथापि प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या पर्यवेक्षणाची व्यवस्था अपुरी आहे. या दृष्टीने केरळचे उदाहरण उद्‌बोधक आहे. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या परिहारक सेवेच्या कार्यातून प्रशिक्षित स्वयंसेवक, घरी भेट देणारी परिचारिका आणि वैद्य यांची साखळी उभी राहिली व २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण स्वीकारले.

घर हे परिचराचे कामाचे ठिकाण असल्याने विश्रांती, जेवण, रजा आणि सुरक्षितता यांविषयी आधीच लेखी करार करणे श्रेयस्कर असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहत्या घराचाही समावेश असून पीडित स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती नवागतांना प्रशिक्षणातच देणे आवश्यक आहे. कारण थकलेल्या व भयभीत परिचराकडून चांगली शुश्रूषा होणे अशक्य असते.