गाडीच्या चावीचे कुलूप : खर्च थोडा, जबाबदारी मोठी

व्यापारी माणूस दुकानाच्या कुलपाची जितकी काळजी घेतो तितकी गाडीच्या कुलपाची घेत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, ओम्नीचे २०१९ साली. तरीही आपल्या अनेक व्यापारी व कारीगर बांधवांचा माल अशाच जुन्या गाड्यांतून जातो. इंजिन, टायर, ब्रेक यांकडे लक्ष जाते, पण ज्या कुलपात चावी फिरवून गाडी सुरू होते ते मात्र पूर्ण अडेपर्यंत कोणी पाहत नाही. मग ऐन गिऱ्हाइकीच्या दिवशी तागे गाडीत आणि गाडी दारात, असा प्रकार होतो.

या कुलपाची रचना साधी आहे. चावी ज्यात शिरते त्या सिलिंडरमध्ये लहान स्प्रिंगांवर बसविलेल्या पातळ पट्ट्या असतात. चावीचे दाते प्रत्येक पट्टीला योग्य उंचीवर आणतात, तेव्हाच सिलिंडर फिरतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने पट्ट्या झिजतात, चावीही झिजते. त्यात झिजलेल्या चावीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी चावी काढली की फरक वाढत जातो. शिवाय आपण व्यापारी लोक दुकान, गोदाम, तिजोरी व घर यांच्या सर्व चाव्या एकाच कडीत अडकवितो. गाडी चालताना हा जुडगा हेलकावे खातो आणि त्याचा भार कुलपावर पडतो.

ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीला सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्विच सैल असल्याने जड जुडग्याच्या ओढीने किंवा धक्क्याने चालत्या गाडीतच चावी मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडत नसत. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कडीत फक्त गाडीची चावी ठेवा, असे कंपनीने मालकांना सांगितले होते. तो दोष कारखान्यातला होता. आपल्या जुन्या गाड्यांत झीज असते, पण सल्ला इथेही तितकाच लागू आहे.

आता दोष ओळखण्याविषयी. चावी फिरत नसेल तर प्रथम स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवून पाहावे. चाक वळवून गाडी उभी केली असेल तर स्टेअरिंग लॉकवर ताण येतो आणि चांगले कुलूपही अडते. नंतर घरात ठेवलेली दुसरी मूळ चावी लावून पाहावी. ती सहज फिरली तर झीज चावीची आहे, नवी चावी करून भागेल. चावी नीट फिरते पण सेल्फ लागत नाही, किंवा दिवे मधेच जातात, तर आधी बॅटरी, तिची टोके आणि कुलपामागचा स्विच तपासावा. तिथे सिलिंडर बदलून पैसे वायाच जातील. पण इंजिन चालू असताना चावी हातात निघून येत असेल, तर पट्ट्या संपल्या समजा आणि विलंब करू नका.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत. कुशल चावीवाला जुन्याच सिलिंडरमध्ये नव्या पट्ट्या बसवून देऊ शकतो. तसे जमले नाही तर फक्त सिलिंडर बदलता येतो, मात्र मग दरवाजाची चावी वेगळी व सुरू करण्याची वेगळी होते. तिसरा मार्ग म्हणजे दरवाजांसह पूर्ण लॉकसेट. काम करताना आधी बॅटरीची ऋण वायर काढावी, मग स्टेअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण. काही गाड्यांत चावी पहिल्या खाचेवर ठेवून बारीक पिन दाबली की सिलिंडर बाहेर येतो. काहींत पूर्ण लॉकच डोके तुटणाऱ्या बोल्टांनी बसविलेले असते. चोराला ते सहज काढता येऊ नये हाच त्याचा हेतू. असे बोल्ट छिन्नीने किंवा ड्रिलने काढावे लागतात, आणि नवे बसविताना तसेच बोल्ट वापरावेत. एअरबॅग असलेल्या किंवा चावीत चिप असलेल्या गाडीला माहीतगार कारीगरच हवा.

काम झाल्यावर मालकाने स्वतः तीन गोष्टी पाहाव्यात : चावी फक्त बंद स्थितीतच निघते का, सेल्फ मारल्यावर ती आपोआप मागे येते का, कारण न आल्यास स्टार्टर जळतो, आणि स्टेअरिंगचे लॉक पूर्ण सुटते का. घाटात लॉक अर्धवट अडकले तर काय होईल, हे सांगायला नको. कुलपात तेल ओतू नये, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड पुरेशी आहे.

काही जण कुलूप तसेच ठेवून वायरी थेट जोडतात आणि बाजूला बटण लावतात. चार पैसे वाचतात, पण फ्यूज नसेल तर कापडाने भरलेल्या गाडीत आगीची भीती, आणि चोराला दार मोकळे. विम्याचाही विचार करावा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी सहसा गाडीच्या दोन्ही चाव्या मागते. म्हणून कुलूप बदलल्याचे बिल आणि जुन्या चाव्या जपून ठेवाव्यात.

शेवटी एक गोष्ट आपल्या कारीगर बांधवांसाठी. चावी बनविण्याच्या व गाडी दुरुस्तीच्या हुनरात आपले पुष्कळ लोक आहेत. दुसऱ्याची चावी हातात येणे म्हणजे अमानत हातात येणे. गाडीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय चावी करू नये, जास्तीची प्रत ठेवू नये आणि स्विचचा दोष असताना सिलिंडर विकू नये. व्यापाऱ्यानेही बिल मागावे, पण कारीगराच्या मजुरीत घासाघीस करू नये. गिऱ्हाइकाने निर्धास्तपणे चावी सोपवून जावे, असा भरवसा ज्या दुकानाने कमावला, त्याच्या रोजीत बरकत आहे.