कर्ता, कर्म आणि घरची बोली

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता. बालाघाट आणि राजनांदगाव आजही शेजारीच आहेत. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगडी आणि देवरी-सालेकसाकडे गोंडी बोलणारी मुले येतात.

त्यांना वाक्य शिकवायचा साचा मात्र दुरून आला. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, ते इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीची सखोल चिकित्सा केली. तरी वर्गापर्यंत पोचल्या त्या व्याख्याच. ‘क्रिया करणारा तो कर्ता’ हे पाठ करायचे, मग कर्ता अधोरेखित करायचा. कितीतरी पिढ्या यातच गेल्या. बालभारती १९६७ साली स्थापन झाली. तिच्या पुस्तकांत व्याकरण हळूहळू धड्याखालच्या स्वाध्यायात, वापराच्या अंगाने येऊ लागले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पण आपल्याकडची अडचण व्याख्येच्याही अलीकडची आहे. ‘मुलाने भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद भाकरीप्रमाणे बदलते. हिंदी बोलणाऱ्या मुलाला हे घरचेच. पण तो ‘मैंने’च्या सवयीने ‘मीने खाल्ली’ म्हणतो आणि चुकतो, कारण मराठीत ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. गोंडी मुलाचे वेगळे. त्याच्या भाषेत भूतकाळातही क्रियापद कर्त्याचीच साथ धरते, मग भाकरीमुळे ते का बदलावे? लिंगाचेही तसेच. मराठीत तीन, हिंदीत दोन; गोंडीत पुरुष एका गटात आणि बायका, जनावरे, वस्तू दुसऱ्या गटात. ‘ती पुस्तक’ म्हणणारे मूल हिंदीचा नियम अगदी बरोबर पाळत असते. त्यावर लाल शाईने फुली मारणे हा मी अन्याय मानतो.

डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले, या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे हे मांडले. ते काम शिक्षकांच्या टेबलावर अजून पुरते पोचलेले नाही.

येत्या सत्रात तिसरी-चौथीच्या वर्गावर जाणाऱ्या गुरुजींना आणि मॅडमना एक विनंती आहे. वाक्य आधी मुलांकडून त्यांच्या घरच्या बोलीत म्हणवून घ्या. ते फळ्यावर लिहा, शेजारी मराठी वाक्य लिहा, काय बदलले ते मुलांनाच शोधू द्या. कर्ता आणि कर्म ही नावे त्यानंतर सांगा.