जुन्या संगणकांतील सॉकेटे आणि जोडपिनांची निवड

जुने संगणक चालत्या स्थितीत जतन करण्याचा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या लेखनाचा काही भाग अशा यंत्रांवर निर्माण झाला असून, तो मूळ स्वरूपात तपासावयाचा तर यंत्रही चालते असावे लागते. प्रस्तुत लेखात या कामातील एका लहानशा, परंतु चुकल्यास सहसा भरून न येणाऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे जोडबोर्डाच्या पिनांची निवड.

उदाहरणादाखल एकॉर्न कंपनीचा १९८१ सालचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक घेऊ. इंग्लंडमधील शाळांत तो सर्वत्र पसरला. भारतातही १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय प्रकल्पात हेच यंत्र वापरले गेले. त्याच्या ‘बी’ नमुन्यात रॉम चिपांसाठी पाच सॉकेटे असून ती कळफलकाच्या खाली आहेत. ‘वर्डवाइज’, ‘व्ह्यू’ यांसारखे लेखनाचे प्रोग्रॅम २८ पायांच्या चिपेच्या रूपाने त्यांत बसवीत. आज त्या जागी फ्लॅश स्मृतीची चिप योजावयाची, तर तिला पुष्कळदा ३२ पाय असतात. म्हणून मध्ये एक छोटा जोडबोर्ड घालावा लागतो. या बोर्डाच्या खालच्या अंगास असलेल्या पिना मूळ सॉकेटात शिरतात आणि नवी चिप वरच्या अंगास बसते. वर कळफलक असल्याने हा सारा जोड ठेंगणा असणे आवश्यक ठरते.

येथे नावाने होणारा एक घोटाळा ध्यानात घेतला पाहिजे. बाजारात ‘२.५४ मि.मी. पिनपट्टी’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू मिळतात. हे माप म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधील अंतर, अर्थात इंचाचा दहावा भाग होय. पिनेच्या जाडीविषयी ते काहीच सांगत नाही. आणि सॉकेटाचे हित तर जाडीवरच अवलंबून असते.

चिपेचा पाय चपटा असतो: रुंदी सुमारे ०.४६ मि.मी. आणि जाडी सुमारे ०.२५ मि.मी. याउलट सर्वत्र मिळणारी चौकोनी पिन प्रत्येक बाजूस ०.६४ मि.मी. असून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती सुमारे ०.९ मि.मी. भरते. साध्या सॉकेटात धातूच्या लवचीक पात्या असतात व पुष्कळ सॉकेटांत त्या पायाला त्याच्या चपट्या अंगांवर धरतात. पाव मिलिमीटरसाठी केलेल्या फटीत तिच्या अडीचपट जाडीची पिन घातली, की पाती आपल्या लवचीकपणाच्या मर्यादेपलीकडे वाकते व पुन्हा पूर्ववत मिटत नाही. जोडबोर्ड असेपर्यंत यंत्र उत्तम चालते. मूळ चिप परत बसविली, की मात्र ती सैल पडते. दोष उशिरा प्रकट होत असल्यामुळे त्याचे खरे कारण सहसा कळत नाही.

तेव्हा निवड सॉकेट पाहून करावी. पात्यांच्या सॉकेटासाठी चिपेच्या पायासारखी चपटी पिन सर्वांत निर्धोक होय. कातीव, गोल छिद्रांच्या सॉकेटासाठी सुमारे ०.५ मि.मी. व्यासाची कातीव गोल पिन घ्यावी. अशा काही पट्ट्यांत पिनेचे एक टोक बारीक व दुसरे जाड असते; बारीक टोकच सॉकेटात गेले पाहिजे. चौकोनी पिन दोहोंपैकी कोणत्याही सॉकेटात घालू नये.

उंचीचा हिशेब यानंतरचा. नेहमीच्या पट्टीचे प्लास्टिक सुमारे २.५ मि.मी., बोर्ड १.६ मि.मी. आणि त्यावर आणखी एक सॉकेट चढविल्यास सुमारे ४ मि.मी., म्हणजे एकूण आठ मिलिमीटरांची भर पडते. पातळ प्लास्टिकची पट्टी घेऊन नवी चिप बोर्डावरच डाखविली, तर यातील बराच भाग वाचतो. सॉकेटात शिरणाऱ्या भागाची लांबी चिपेच्या पायाइतकी, म्हणजे सुमारे ३ मि.मी. असावी. ती फार अधिक असल्यास पिना तळाला टेकतात व बोर्ड अधांतरी राहतो.

पिना डाखविताना त्या सरळ राहाव्यात म्हणून एखाद्या सुट्या सॉकेटात रोवून ठेवाव्यात. यंत्रातील सॉकेटाचा त्यासाठी उपयोग करू नये, कारण उष्णतेने त्याचे प्लास्टिक वितळण्याचा संभव असतो. बोर्ड वारंवार काढावा-घालावा लागणार असेल आणि उंचीला वाव असेल, तर मूळ सॉकेटात योग्य पिनांचे एक मधले सॉकेट बसवावे. झीज होईल ती त्या मधल्याची होईल.

हस्तलिखिताची डागडुजी करणारा पुढच्या अभ्यासकाला उलगडता येईल अशीच करतो. तोच दंडक येथेही लागू आहे. जोडबोर्ड काढल्यावर मूळ चिप पूर्वीसारखीच घट्ट बसली पाहिजे. पिनेची निवड बरोबर झाली की नाही, हे यावरूनच ठरवावे.