पाऊण मिलिमीटरचे आटे

दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा तर आधी कॅमेऱ्याची लेन्स काढून ठेवायची आणि दुर्बिणीची नेत्रिकाही. मग दुर्बीण हीच कॅमेऱ्याची लेन्स होते. सहा इंची आरशाच्या, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या न्यूटोनियन दुर्बिणीत पौर्णिमेचा चंद्र सेन्सरवर सुमारे ७ मिलिमीटरचा पडतो. सेन्सर २२ बाय १५ मिलिमीटरचा असेल, तर तो ऐसपैस मावतो. गुरू मात्र मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याचा ठिपका. हे गणित कागदावर दोन ओळींत सुटतं. प्रत्यक्षात सगळं अडतं ते मधल्या धातूपाशी, आणि ती अडचण सोडवायला पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यासारखी जागा नाही. पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका या खगोलसंस्थेच्या कार्यशाळांत हौशी मंडळी आरसे घासून दुर्बिणी करायला शिकली. आरसा घासणारे तिकडे, धातू कापणारे इकडे.

मधल्या कड्याला टी-रिंग म्हणतात. तिच्या एका तोंडाला कॅमेऱ्यात बसणारी बैठक, दुसऱ्या तोंडाला ४२ मिलिमीटर व्यासाचे, ०.७५ पिचचे आटे, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत पाऊण मिलिमीटर अंतर. या आट्यांच्या कडेपासून सेन्सर ५५ मिलिमीटरवर यायला हवा, असा ठरलेला मेळ आहे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर माउंटपासून ४४ मिलिमीटर आत असतो, म्हणून तिची रिंग ११ मिलिमीटर जाड. निकॉनमध्ये ४६.५, म्हणून ८.५. फसगत होते ती पिचमध्ये. जुन्या स्क्रू-माउंट लेन्सचे आटेही ४२ मिलिमीटरचेच, पण पिच १ मिलिमीटर. असं कडं पहिला फेरा सुरळीत घेतं, पुढे जड होतं आणि जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे जातात.

भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी अशी दोन कडी तपासायला नेली. टर्नरकाकांनी पिच गेजचं पातं आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरलं. “साहेब, हे एकचं. हे तुमचं पाऊण.” एवढंच बोलून त्यांनी गजाचा तुकडा चकमध्ये बांधला.

गाळ्यातलं रोजचं काम गाड्यांच्या बुश आणि फ्लँजचं. माझा जॉब लहान होता: दोन इंची फोकसरमध्ये, म्हणजे एरवी नेत्रिका बसते त्या सरकत्या तोंडात, जाणारी नळी, एका टोकाला टी-रिंगसाठी आटे. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. पण काकांनी माझ्या कागदावर भरवसा न ठेवता फोकसरचं भोक व्हर्निअरने मोजलं आणि नळी त्याहून अंशभर कमी ठेवली. पाऊण पिचसाठी लेथचे गिअर बदलले. बाहेरचा व्यास, तोंड, बोअर आणि आटे हे सगळं जॉब चकमधून न सोडता एकाच सेटिंगमध्ये केलं. पार्टिंग अगदी शेवटी. जॉब एकदा सोडून पुन्हा बांधला की तोंड आणि अक्ष यांचा काटकोन हलतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी सांगितलं ते फक्त इथे त्याची गरज का, एवढंच. एफ/५ दुर्बिणीत प्रतिमा स्पष्ट राहण्याची मुभा साधारण ७० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. सेन्सर एवढाही कलला, तर एका बाजूचे तारे टोकदार आणि दुसरीकडचे फुगलेले.

वाद झाला तो आतल्या फिनिशवर. नळी आतून चकाकली की तिरपा प्रकाश तिच्यावरून घसरत सेन्सरवर सांडतो. म्हणून आत बारीक रेघा आणि वर मॅट काळा रंग हवा. जन्मभर फिनिश आणण्यात हात बसलेल्या माणसाला “आतून खरबरीत ठेवा” हे पटवणं सोपं नव्हतं.

नळी बसली तरी न्यूटोनियनची एक खोड उरते. तिचा फोकस नेत्रिकेच्या सोयीने ठेवलेला असतो. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी सेन्सर त्या जागी पोहोचत नाही. बार्लो भिंग लावून फोकस बाहेर काढता येतो, पण प्रतिमा मोठी होऊन चित्रात मावणारं आकाश आक्रसतं. मूळ उपाय म्हणजे मुख्य आरसाच नळकांड्यात पुढे सरकवायचा. आरसा जेवढा पुढे, तेवढा फोकस बाहेर. साधारण २५ ते ३० मिलिमीटर पुरतात, मात्र त्यासाठी नळकांड्याला नवी भोकं पाडावी लागतात.

गुरुवारी इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी, म्हणून निरीक्षणाची रात्र बुधवारची. इथून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम पावणेएकोणीस अंश, धूळ आणि दिव्यांच्या उजेडात बुडालेला. दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष त्याच्याकडे लावायलाच वेळ जातो. कॅमेऱ्याचं वजन टोकाला लटकतं, म्हणून नळकांड्याचा तोल नव्याने साधायचा. फोकससाठी दुर्बिणीच्या तोंडावर ॲक्रिलिकचा बाख्तिनॉव्ह मास्क लावायचा. लेझर कटिंगवाला तो सहज कापून देतो. ताऱ्यातून तीन रेघा फुटतात आणि मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकस जुळला. मग मृगातल्या बाणाखालच्या लहान ओळीतला मधला, धूसर तारा, म्हणजे मृगाचा तेजोमेघ. चाकणच्या आकाशात ३० सेकंदांतच पार्श्वभूमी पांढुरकी होते, म्हणून छोटे छोटे फोटो घेऊन ते एकावर एक रचायचे. १०० फोटो रचले की त्यांतला खरखरीतपणा दहाव्या हिश्श्यावर येतो.

काळं आकाश हवं असेल, तर चाकणवरूनच नाशिक रस्ता धरून जुन्नरकडे जायचं. तिथे गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण २००६पासून आहे. तिच्या मागेही डोळा लावायला कोणी बसत नाही. कॅसेग्रेन फोकसवर आयफॉस्क हे कॅमेरा आणि वर्णपटलेखक मिळून केलेलं उपकरण जोडलेलं असतं. आकार आणि खर्च यांची तुलना नाही, पण काम तेच: प्रकाश जिथे एकवटतो, तिथे सेन्सर काटकोनात धरून ठेवणं.

तेजोमेघाचं चित्र काकांना मोबाइलवर दाखवलं. मधल्या गुलाबी ढगावर ते थांबले नाहीत. बोटांनी मोठं करत चारही कोपरे पाहून आले आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या किंचित लांबट ताऱ्यांवर बोट ठेवलं. “इथं पाच शतांशची शिम टाकून बघू.”